पाळीवाल्याला उठवायचं नाही

२४ फेब्रु., सोमवार
वही लेकीची, पूनमची जुनी, गणिताची. मागची पानं कोरी निघाली, रद्दीत घालण्यापेक्षा बरं. डॉ. बाईंनी सांगितलंय, रोज लिहायचं: हे कधी झोपले, कधी उठले, मध्ये किती वेळा डोळा लागला. मी म्हटलं, हे सातवी शिकलेत, स्वतः लिहितील की. तर म्हणाल्या, नाही, तुम्हीच लिहा. डोक्याला मार लागलेल्याला आपली झोप कळत नाही, तो कमीच सांगतो.
खरं आहे. सकाळी नऊ ते बारा घोरत होते. उठल्यावर विचारलं तर म्हणाले, "मी कथा झोपनू? डोया मिटेल व्हतात."
आज: रा. ११ ते स. ८. मग ९ ते १२. जेवून १ ते ५॥. बेरीज मुद्दाम केली नाही.

२५ फेब्रु.
बेरीज केली. साडेसोळा तास. कारखान्यात कापडाच्या लूमवर पाळी करून आले तरी सहा तासांच्या वर न झोपणारा माणूस हा.
वासी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, मोटारसायकलवरून येताना पुलावर मांजा आडवा आला. गळ्याला नुसता ओरखडा. सगळे म्हणाले, देव पावला. डोकं दुभाजकावर आपटलं ते कोणी मनावर घेतलं नाही, कारण रक्त बाहेर नव्हतं. आत होतं. ऑपरेशन, नऊ दिवस दवाखाना. घरी आणल्यापासून झोपच. आम्हाला बरंच वाटलं. झोप म्हणजे आराम, आराम म्हणजे बरं होणं, असंच धरून चाललो.

२८ फेब्रु.
आमच्या गल्लीत एक कायदा आहे, सुरतेच्या या लिंबायतमध्ये सगळीकडेच असेल. दिवसा झोपलेल्या पाळीवाल्याला उठवायचं नाही. चारच्या आधी कुकर नाही. धुणं आपटायचं नाही. दारावरून हाक मारायची नाही. पूनमला लहानपणी मी पैंजण घातले नाहीत. खिडकीला डागाळलेली गर्द साडी चार घड्या करून ठोकलेली आहे, दुपारी बाराला खोलीत हाताला हात दिसत नाही. बाजारातून साड्यांचे गठ्ठे येतात त्यांचे धागे कापायचं माझं काम, तेसुद्धा बाहेर ओट्यावर बसून. एकदा माझा भाऊ धुळ्याहून भर दुपारी आला, तर त्यालाही चारपर्यंत ओट्यावरच बसवलं. अजून टोमणे मारतो.
आज १७ तास. कोणी जरासुद्धा आवाज केला नाही. शाबासकी आम्हाला.

३ मार्च, सोमवार
दवाखाना. वही बघून डॉ. बाईंनी पेन खाली ठेवलं. "बेन, दिन में इन्हें कोई उठाता नहीं?"
मी जवळजवळ मिरवूनच सांगितलं, नाही, पाळीवाले आहेत ना, आम्ही खोलीत काळोख करून देतो. उलटी झोप म्हणजे पाळीची सवय असेल. त्या म्हणाल्या, पाळीवाला दिवसा झोपला तर रात्री तरी जागा असतो ना? हे तर दोन्हीकडे झोपतायत.
मग कागदावर डोकं काढून दाखवलं. मेंदूत खोलवर थोड्याशा पेशी असतात, त्या एक रसायन सोडतात, तेच माणसाला जागं ठेवतं. आपटल्यामुळे त्यातल्या बऱ्याच गेल्या असाव्यात. दुसरं रसायन अंधार पडला की सुटतं, शरीराला सांगतं की रात्र झाली. यांच्या मेंदूला रात्र कुठली, दिवस कुठला तेच कळेनासं झालंय. आणि मी दिवसाची रात्र करून ठेवलेली. पहिले काही दिवस झोपू द्यायला हवं होतं, पण इतके आठवडे काळोखात नाही. आता सकाळी ऊन, चालणं. दिवसा एकदाच अर्धा तास झोप, मग उठवायचंच.
बैल गेला अन् झोपा केला. माझ्या हातानं मी यांना...
नको. लिहवत नाही.

४ मार्च
साडी काढली. खिळे गंजले होते, भिंतीचा पोपडा घेऊनच आले. ऊन थेट यांच्या तोंडावर. केस अजून न आलेली ती जागा उजेडात पहिल्यांदा नीट पाहिली.
दहा वाजता खांदा हलवला. डोळे उघडायच्या आधी हात आला. माझ्या गालावर. तांब्या उडाला. "कोन शे? कोन शे?" मग मला ओळखलं आणि गुडघ्यात डोकं घालून बसले.
अठरा वर्षांत यांनी मला बोट लावलेलं नाही. पूनम दारात उभी. "मम्मी, पप्पा ऊंघमां हता." माहीत आहे गं, झोपेत होते. मला मात्र जागेपणी लागलं.

७ मार्च
उठवायची रीत सापडली. डोक्याकडून जायचं नाही. पायाशी उभं राहून ओलं फडकं तळव्याला लावायचं आणि दोन पावलं मागे सरायचं. पूनमला सक्त ताकीद, तिनं उठवायचं नाही.
शेजारच्या मंगलकाकूंना खिडकीतून सगळं दिसतं आता. "झोपेल मानूसले उठाडस? पाप लागी तुले." मी म्हटलं, लागू दे, वर गेल्यावर बघते. नंतर मोरीत जाऊन रडले. तीन महिन्यांमागे दुसऱ्या बाईनं असं केलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं.
आज १४ तास.

९ मार्च
हे लिहून ठेवायलाच हवं.
यांना म्हटलं, दुधाकडे दोन मिनिटं बघा, खाली गठ्ठा देऊन येते. वर आले तर गॅसचा वास. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, गॅस चालूच. हे शेगडीसमोर उभे. एक हात ओट्यावर. डोळे मिटलेले. कशाला टेकले नव्हते, पडलेही नव्हते. उभ्या उभ्या गाढ झोप.
बटण बंद केलं, दार उघडलं, पंखा लावायला निघाले आणि हात मागे घेतला, ठिणगी उडाली असती. मग यांना बाहेर ओढलं. म्हणाले, "मी बटन बंद करेल व्हतं." खोटं नव्हते बोलत. त्यांना तसंच वाटत होतं.
बारा लूम सांभाळतात हे. दोन लूमच्या मधली वाट एका माणसापुरती. तुटलेला धागा जोडायला चालत्या मशीनशी वाकावं लागतं. शेजारी पट्टा फिरतोच.

१४ मार्च, धुळवड
संतोष आला रंग लावायला. यांच्याच खात्यात, म्हणजे कारखान्यात, लूम चालवतो, गावही शेजारचं. "राजूभाऊ, शेठनी इचारं, कधी येतस?" शेठचं म्हणणं: डॉक्टरचा कागद आणा की माणूस फिट आहे, मग उद्यापासून या. महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो.
हे इतके हसले, मला वाटलं रंगच उजळला. किती दिवसांनी.
मी आत जाऊन उगाच डबे पुसत बसले.

१७ मार्च
"डॉक्टर तुनीच वही देखस ना?"
हो म्हटलं.
"मंग रातले आठ तास लिख. दिवसा काही नको लिखू."
मी म्हटलं, आणि ते दूध? म्हणाले, एकदा झालं. मी म्हटलं, एकदा दिसलं. भांडण. मी नको ते बोलले, की तुम्हाला हात नकोत का. ते म्हणाले, "काम नही ते हात काय चाटाना शेत?" पूनम कानात बोटं घालून पाठांतर करत होती. यांच्याजागी मी असते तर मीही हेच मागितलं असतं, म्हणून जास्त राग आला.
१३ तास. खरे.

१९ मार्च
यांनी नवी वही आणली. दुपारभर खाली मान घालून स्वतःच लिहीत बसले. मागच्या तारखा टाकून, शाळेतल्या मुलासारखं जपून: रात्री १० ते ६. रात्री १० ते ६. रात्री १० ते ६. मी ओट्यावर धागे कापत होते. मधेच आतून काही आवाज येईना म्हणून वाकून पाहिलं.
सहाव्या ओळीत 'रात्री १०' लिहून पेन तसंच खाली घसरलं होतं, पानाच्या काठापर्यंत वाकडी रेघ. पेन हातातच. मान छातीवर.
पहिल्यांदा हसू आलं. झोपत नाही असं खोटं लिहितानाच झोप लागलेली, बसलेच हसत. मग हसता हसता धाप लागली.
उठल्यावर त्यांनी रेघ पाहिली आणि ते पान फाडलं. मला दिसलंय हे त्यांना माहीत आहे.

२२ मार्च
पूनमनं मोबाईलवर यांचं शूटिंग केलं, मला न विचारता. हातात घास, तोंड अर्धं उघडं, झोपलेले. घास वाटीत पडतो तरी कळत नाही. एक मिनिट आणि वर काही सेकंद. आणि सरळ यांच्याच हातात मोबाईल दिला. मी आडवी येणार तोवर सुरू झालं.
तीनदा पाहिलं त्यांनी. मग म्हणाले, "पुसी टाक." तिनं पुसलं.
दिवे लागल्यावर मी पोळ्या करत होते, मागे येऊन उभे राहिले. "माले भ्याव वाटस."
तवा तापत राहिला. म्हटलं, मग नका जाऊ इतक्यात. तर म्हणाले, "घरमा बसी बसी जास्तच वाटस."

२८ मार्च, शुक्र.
दवाखान्यात त्यांनी आपली वही पुढे केली, मी माझी काढायच्या आधीच. डॉ. बाई पानं उलटत गेल्या. सगळी एका पेनची, एका मापाची. "बेन, ये आपने लिखा?"
हे भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होते. शेठनं धरून ठेवलेली जागा. संतोष. धुळवडीला दिसलेलं ते हसू. आणि शेगडीसमोर उभा असलेला माणूस.
पिशवीतून गणिताची वही काढून ठेवली.
तीन महिने मशीनजवळ नाही. गाडी नाही. जागं ठेवणारी गोळी सकाळी, अंधाराच्या रसायनाची रात्री. मग झोपेची मोठी तपासणी. कागद नाही. महिन्यानं परत या.
घरी येऊन जेवले आणि आपलं ताट स्वतः घासून पालथं घातलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा. राग इतका स्वच्छ असतो हे मला माहीत नव्हतं.

३१ मार्च
काल पाडवा. गुढी पूनमनं उभारली. हे सकाळीच बाहेर पडले ते संध्याकाळी आले, आणि डब्याचं विचारलं. डबा करायला किती वाजता उठशील, म्हणे.
कतारगामला एका खात्यात काम बघून आलेत. तिथे कागद विचारत नाहीत. परवापासून दिवसपाळी, सात ते सात.
मी ओरडले, हात जोडले, पूनमची शपथ घातली. ऐकत नाहीत. सरळ त्या शेठला जाऊन सांगावं, तर हे तिसरीकडे जातील आणि ते मला कळणारसुद्धा नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
एकच कळतंय, मी वही दिली नसती तर निदान ओळखीच्या माणसांत असते. संतोष शेजारच्याच लूमवर असतो. हा विचार काल रात्रीपासून डोक्यातून जात नाही.

२ एप्रिल
डबा दिला. न देऊन काय करणार होते?
दिवसभर एक गठ्ठा पुरा झाला नाही. दोन साड्यांना कात्री लागली, त्यात एक चांगली भारी. फोन वाजला की कात्री टाकून धावायचं.
साडेसातला आले. चहा द्यायच्या निमित्तानं हात पाहिले. दहा बोटं. मोजली मी, खोटं कशाला लिहू.
रात्री म्हटलं, "मी येसू तुमच्यासंगे."
"तू काय करशी तठे?"
"बॉबिन भरसू. बाया भरतस ना?"
"पूनमले कोन पाही?"
"पूनम पंधरानी शे. मंगलकाकू शेत. तुमले कोन पाही?"
कूस बदलली.

४ एप्रिल
लागले मी कामाला, यांच्याच कतारगामच्या खात्यात. बॉबिनवर धागा गुंडाळायचं मशीन दाराशी, आम्ही तिघी बायका. आवाज इतका की शेजारणीचे नुसते ओठ दिसतात. यांचा आवाज रात्री एवढा मोठा का येतो, ते आता कळलं.
माझ्या जागेवरून यांचे आठ लूम दिसतात. चार खांबामागे. ते तिकडे गेले की मी मोजते. शंभरपर्यंत बाहेर आले नाहीत तर रिकामी पेटी उचलून तिकडून चक्कर मारायची. आज सोळा चकरा. बाजूची बाई म्हणाली, नवीन आहेस म्हणून उत्साह.

९ एप्रिल
३ वाजून १० मिनिटं. खांबामागे. मोजून शंभर झाले, मी गेले. लूमच्या लाकडाला हात लावून उभे, मान खाली, डोळे मिटलेले. समोर धोटा इकडून तिकडे.
हाक मारून उपयोग नव्हता. मागून सदरा धरला आणि सगळ्या जोरानं मागे ओढलं. डोळे उघडले. हात उगारला नाही. माझ्याकडे पाहिलं, मग लूमकडे, मग परत माझ्याकडे. कळलं त्यांना.
पलीकडच्या रांगेतल्यांनी चहाच्या सुट्टीत चेष्टा केली, राजूभाऊ, वॉचमन ठेवला का? हे म्हणाले, "हां. घरना शे."
त्या एका वाक्यावर मी संध्याकाळपर्यंत उभी होते.

१२ एप्रिल
कामावर काल डोळा लागला नाही, आज नाही. सकाळच्या गोळीचा गुण येतोय बहुतेक. सुट्टीत यांना बाहेर उन्हात उभं करते, तिथेच डबा खातो. परवा एकदा, तेही बसल्या बसल्या. एकूण १० तासांवर आलंय. हे खरंच बरं आहे, मी उगाच गोड लिहीत नाही.
पण डॉ. बाईंसाठी लिहिते त्या पानांवर 'कुठे होते' या रकान्यात मी 'घरी' लिहितेय. रोज. अक्षर माझं, पेन माझं. यांच्या वहीला नावं ठेवत होते ना मी?

१४ एप्रिल, सोम.
शेठचा माणूस सांगून गेला. सोळापासून पाळी बदलते. हे रात्री सात ते सकाळी सात. बायकांना या खात्यात रात्री ठेवत नाहीत.
जेवताना मी विषय काढला. हे शांत होते. म्हणाले, रातपाळीच बरी. दिवसा झोप येते, रात्री मी जागाच असतो. "रातले माले झोप येसच नही. तुनी वहीमा देख."
वही काढली. पहिल्या दिवसापासूनची सगळी पानं चाळली. दिवसाचा हिशोब मिनिटांपर्यंत आहे. रात्रीचं मी लिहिलंय: ११ ते ८. ११ ते ७॥. १०॥ ते ६. ते मी पाहिलेलं नाही. मी आडवी झाले ती वेळ आणि मी उठले ती वेळ. मधले तास मी झोपलेली होते, शेजारी. ते म्हणतात तसे जागे असतीलही. मार लागलेला माणूस कमीच सांगतो, हेही खरं.
खरं काय ते बघायला आज रात्र आणि उद्याची रात्र, दोनच हातात आहेत. भिंतीला टेकून बसलेय, वही मांडीवर, चहा थर्मासमध्ये. हे झोपलेत की नुसते डोळे मिटलेत, अजून सांगता येत नाही. उद्या सकाळी सातला दोघांची पाळी आहेच. बॉबिनवर माझा डोळा लागला तर यांच्याकडे कोण बघणार, ते अजून सुचलेलं नाही.